लिनभाऊले हात कोन देईन?

कापसाच्या बाजारात दिवसभर बसून घरी गेलं की बायको दारातच थांबवते. डोक्यात, मिशीत, धोतराच्या निऱ्यांत, सगळीकडे कापसाचं तूस. झटकलं तर जात नाही. इकडून झटकावं, तिकडे चिकटतं. आमच्या वाशीमच्या बाजारातले किस्सेही तसेच. मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. बसलो होतो, चिकटले! लोक म्हणतात, दादाराव, तुम्ही वाढवून सांगता. मी म्हणतो, बापा, कापूससुद्धा पिंजल्यावर वाढतो. म्हणून काय त्यात दुसरा कापूस घातला असं होतं?

आमची बैठक म्हणजे बाजाराच्या फाटकाजवळचा, लिंबाखालचा ओटा. तिथे आम्ही चार-पाच दलाल बसायचो. मी शेतकऱ्यांच्या बाजूनं माल विकणारा. नथ्थुजी आणि मोतीराम कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी माल घेणारे. नथ्थुजी सगळ्यांत वयस्क, आणि सगळ्यांत संशयी. या माणसानं कधी कोणावर विश्वास ठेवला असं निदान माझ्या ऐकण्यात नाही. स्वतःच्या जोडीतला डावा बैलसुद्धा त्यांना आतल्या गाठीचा वाटायचा! "तो मान हालवते, पन मनातून हो म्हनत नाई," असं त्यांचं त्याच्याबद्दल मत.

आणि जपानबरोबरच्या लढाईच्या दिवसांत, अगदी भर हंगामात, नेमका याच नथ्थुजींसमोर एक चिनी येऊन उभा राहिला.

* * *

अंगात खाकी कोट, हातात पत्र्याची पेटी, वय विशी-पंचविशीतलं. स्टेशनावरून थेट ओट्याशी आला, पेटी खाली ठेवली आणि हात जोडून म्हणाला,

"नमस्कार. मी चीन देशातून आलेला विद्यार्थी आहे. माझे नाव लिन. शेतमालाच्या व्यापाराचा अभ्यास करण्याकरिता कॉलेजने मला आपल्याकडे पाठविले आहे. आपणां सर्वांचे कुशल आहे ना?"

मोतीरामाच्या तोंडातली बिडी विझली.

त्याला मराठी शिकवलं होतं नागपूरकडच्या शेतकी कॉलेजातल्या एका पुणेरी प्रोफेसरांनी, हे आम्हाला नंतर कळलं. नथ्थुजींनी मात्र तेवढा वेळ घेतला नाही. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "दादाराव, हा हेर हाय."

"काहून जी? चीन तर आपल्याच बाजूनं लढून राह्यला."

"आपल्या तालुक्यात असं मराठी कोन बोलते? एक मामलेदार बोलते, एक वकील बोलते. दोघंबी आपल्याजवळून काई ना काई काढालेच येतेत!"

मग बाजाराचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी कॉलेजचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. या विद्यार्थ्यानं हंगामभर बाजारात राहावं, पाहावं, शिकावं. आणि हंगाम संपायच्या आत शेतकऱ्याची एक तरी गाडी विकायचा सौदा स्वतःच्या हातानं, इन्स्पेक्टरसमोर, पुरा करून दाखवावा. तरच सर्टिफिकेट.

स्वतःच्या हातानं! इथेच तर सगळी गोम.

आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल एकमेकांचे हात धरतात, वर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. कोणतं बोट म्हणजे काय, किती वेळा दाबलं म्हणजे काय, हे ज्याच्या हातात हात आहे त्यालाच कळतं. तोंडं मात्र वर खुशाल भांडत असतात. तोंडानं लुटलं-लुटलं म्हणून ओरडायचं, आणि बोटानं हो म्हणायचं. बाजार म्हणजे हाच!

"रुमालाखालची बोटं? अन् याले?" नथ्थुजी उठून उभेच राहिले. "मी माह्या सख्ख्या पोराले त्याचं लगन होईस्तोवर शिकवली नाई! लगनानंतर शिकवली, अन् अजून पस्तावून राह्यलो!"

मोतीरामानं मान डोलावली. घेणारे दलाल सगळे नथ्थुजींच्या तोंडाकडे बघून मान डोलावणारे. म्हणजे लिनला हात द्यायला बाजारात कोणी उरलंच नाही. मी द्यायला तयार होतो, पण मीही विकणारा आणि तोही विकणारा. दोन विकणाऱ्यांनी हात धरून काय करायचं, फुगडी?

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दादारावजी, हे सर्टिफिकेट मिळाले नाही तर माझे वर्ष वाया जाईल. वर्ष वाया गेले तर स्कॉलरशिप बंद होईल. आणि परत जाण्यास मला सध्या जागा नाही. एका माणसाने एकदाच हात द्यावा, एवढेच मला हवे आहे."

मी म्हटलं, "देईन कोनी ना कोनी. हंगाम मोठा हाय."

नथ्थुजी मागून म्हणाले, "पाह्यलं? परत जागा नाई म्हनते. म्हंजे इथंच राहाचा बेत हाय!"

* * *

आता आमच्या पोलीस ठाण्यातल्या उस्मान जमादाराची गोष्ट. माणूस दिलाचा चांगला, पण वरून हुकूम आला होता, की कोणी जपानी दिसला तर ताबडतोब रिपोर्ट करा. आणि जमादारानं जन्मात ना चिनी पाहिला होता, ना जपानी. आता लिन चिनी की जपानी, हे ठरवायचं कसं?

जमादारानं डोकं चालवलं. लढाईआधी आपल्या बाजारात जपानी कपबश्या ढिगानं विकायला यायच्या, तशी एक त्याच्या घरी होती. ती घेऊन आला, ओट्यावर चहा मागवला, आणि लिनच्या पुढे केली. "घ्या, लिनभाऊ. प्या, प्या!" आम्ही सगळे टक लावून बसलो. जपानी असेल तर आपल्या मुलखाची कपबशी पाहून कुठेतरी चेहरा हलेलच, असा जमादाराचा हिशेब.

लिननं कप उचलला. खालची बाजू पाहिली. पुन्हा जागेवर ठेवला आणि हळूच जमादाराकडे सरकवला.

"क्षमा करा. हा त्यांच्या देशातला आहे. त्यांच्या विमानांनी माझे गाव जाळले. मी दुसऱ्या भांड्यातून पिईन."

मोतीरामानं निमूट स्वतःचा पितळी पेला पुढे केला. लिननं त्यातून चहा घेतला. जमादारानं डोळे पुसले, खाकरला, आणि समोर गार होत आलेला कपातला चहा फुकट कशाला घालवायचा, म्हणून स्वतःच पिऊन टाकला.

नथ्थुजींनी त्याच्याकडे वळून विचारलं,

"मंग तुमी कसे काय पेले, जमादार?"

त्या दिवसापासून आठवडाभर नथ्थुजींची जमादारावर पाळत!

* * *

लिनचं बिऱ्हाड होतं गावाबाहेर, गणुजी माळ्याच्या मळ्यात. गणुजी वांगी, मुळे, मेथी पिकवायचा आणि त्याची बायको भागाबाई ती बाजारात बसून विकायची. भागाबाईनं त्याला मोटेजवळची खोली दिली खरी, पण तीही पहिल्यांदा बिचकूनच होती.

"अजि, तो नुसतं गरम पानी पेते," ती माझ्या बायकोला सांगत होती. "चहापत्ती नाई, साखर नाई, काई नाई. चुलीवरून काढलं का पेलं! मले वाटते, कायचा तरी उपास हाय, नाई तं कायचं तरी पाप हाय."

तरी हे परवडलं. पण एक दिवस तिनं पाहिलं, की हा मुळ्याच्या वाफ्याशेजारी खड्डा खणतोय. खड्ड्यात एक मडकं ठेवलं. तोंड फडक्यानं बांधलं. वरून माती ओढली. आणि तिथे एक काडी रोवून ठेवली!

बातमी बाजारात पोचेपर्यंत मडक्याचा वायरलेस झाला होता. ओट्यापर्यंत येता येता बॉम्ब झाला. नथ्थुजी म्हणाले, "काडी काहून रोवली? वरून इमानाले दिसावी म्हनून!"

उस्मान जमादार दोन शिपाई घेऊन मळ्यात गेला. मागून आम्ही. लिन तेव्हा बाजारात होता. जमादारानं सगळ्यांना केळीमागे उभं केलं, एका शिपायाला म्हणाला, "तू खोद." तो म्हणाला, "साहेब, माह्यावाली बायको बाळंतपनाले गेली हाय." दुसऱ्याला म्हणाला. तो म्हणाला, "माह्यावाली आत्ताच परत आली हाय." शेवटी जमादारानं स्वतःच, बिसमिल्ला म्हणून, मडकं वर काढलं आणि फडकं सोडलं.

काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यात पुष्कळ वास घेतले. सडलेली सरकी घेतली, मेलेली घूस घेतली. पण त्या मडक्यातून जे बाहेर आलं, त्यानं मोटेचे बैल दावं तोडून पळाले! एक शिपाई केळीतल्या केळीत आडवा. जमादार नाकाला पागोट्याचं टोक लावून म्हणाला, "बॉम्ब नाई. त्याच्याहून खराब हाय."

आत काय, तर मिठात मुरवलेला मुळ्याचा पाला! त्यांच्याकडचं लोणचं.

भागाबाई पुढे झाली. बोटानं थोडं चाखलं. पुन्हा चाखलं. मग पदर खोचून जमादारावरच उखडली.

"तुमाले अक्कल हाय का? चांगलं मुरत आलेलं लोनचं उघडं पाडलं! आता लिनभाऊ बाजारातून आल्यावर मी काय सांगू त्याले? बांधा फडकं! अन् जसं होतं तसं परत पुरून द्या!"

सरकारी ड्रेसात, दोन शिपायांसह, उस्मान जमादारानं लोणचं पुरलं. काडीसुद्धा परत रोवली.

त्या दिवसापासून भागाबाई त्याच्या बाजूची झाली. आणि तिच्यामुळे त्याचं मराठीही हळूहळू बिघडायला लागलं. म्हणजे सुधारायला लागलं!

* * *

एक छोटासाच आहे, पण सांगून टाकतो.

नथ्थुजींनी ठरवलं, की हा रोज सकाळी फिरायला कुठे जातो ते आपण मागं मागं जाऊन पाहायचं. लिन तळ्याच्या वाटेनं निघाला. नथ्थुजी झाडांआडून मागे. माणूस म्हातारा, पायात नवा जोडा, ऊन चढलेलं. अर्ध्या वाटेत त्यांना धाप लागली. लिन थोडा हळू झाला. नथ्थुजी बसले, तर लिनही थांबून पाखरं पाहायला लागला. नथ्थुजी उठले, की तो चालायला लागायचा.

बाजारात परत आले तेव्हा आम्ही पाहिलं, नथ्थुजी पुढे, आणि लिन मागून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून!

नथ्थुजी ओट्यावर बसले. पाणी प्यायले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले,

"त्याले पत्ताच लागू देल्ला नाई!"

* * *

रुमालाखाली काय चालतं ते लिनला दिसू नये, म्हणून नथ्थुजींनी काय काय केलं! आधी लहान रुमालाचा मोठा रुमाल झाला. मग रुमालाचं उपरणं झालं. लिन नुसता लांब उभा राहून बघायचा, कोणाला काही विचारायचा नाही. पण नथ्थुजींचं म्हणणं, "त्याची नजर कापडातून जाते."

एक दिवस ते चक्क घोंगडी घेऊन आले! आमच्या शेजारच्या मालेगावच्या रस्त्यानं एका शेतकऱ्याची झकास गाडी आली होती. ती नथ्थुजींनाही हवी, मोतीरामालाही हवी. विकणारा मी. नथ्थुजी म्हणाले, "आता हात झाकून भागत नाई. मानसंच झाकाचे!" आणि भर दुपारी आम्ही तिघेही दलाल घोंगडीखाली गेलो, डोक्यापासून पायापर्यंत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाजारात अस्वल शिरलं.

आत काळोख. घाम. नथ्थुजींची तंबाखू. कोणाचा हात कोणाच्या हातात ते कळेना. नथ्थुजी ओरडताहेत, "मेलो, लुटलं! हा कापूस हाय का कचरा?" मोतीराम ओरडतोय, "येवढ्यात पुरत नाई, बापा!" बोटं चालू. चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. बराच वेळ झाला. बाहेरून शेतकऱ्यानं हाक मारली, "अहो, जिते हाय का सारे?"

शेवटी एकदाचा आतून हुंकार आला. घोंगडी उडाली. घामानं निथळत नथ्थुजी बाहेर आले आणि म्हणाले, "झाला सौदा!" मोतीरामही म्हणाला, "झाला!" दोघंही खूश.

फक्त एवढंच, की दोघंही घेणारे! आणि विकणारा, म्हणजे मी, केव्हाच घोंगडीच्या मागच्या बाजूनं बाहेर पडून शेतकऱ्याबरोबर बिडी ओढत होतो.

लिन शेजारीच उभा होता. त्यानं फार आदरानं विचारलं, "दादारावजी, ही पद्धत पुस्तकात नाही. इकडे खरेदीदार एकमेकांनाच माल विकतात का?"

* * *

पण मग माझ्याही अंगात किडा आहेच. एकदा लिननं मला विचारलं, "भाव ठरविण्यापूर्वी दलाल गाडीभोवती एक फेरी का मारतात?"

खरं कारण साधं. गाडीच्या मागच्या बाजूला खाली ओला कापूस दाबलेला नाही ना, ते पाहायचं असतं. पण मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "बैलाची शेपटी पाहतात. शेपटीचा गोंडा दाट, तर शेत कसदार. शेत कसदार, तर धागा लांब."

तो विचारात पडला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडीमागे जाऊन हा बैलांच्या शेपट्या पाहतोय! हलक्या हातानं गोंडा उचलायचा, बोटांनी मोकळा करायचा, उजेडात धरायचा. चार शेतकऱ्यांनी पाहिलं. त्यांनी गावोगाव सांगितलं, की कॉलेजातून शिकलेला मानूस आता शेपटी पाहून राह्यला, म्हंजे सरकारचा काईतरी नवा कायदा आला असन.

पुढच्या बाजाराला मालेगावकडून गाड्या आल्या, त्यांतल्या निम्म्या बैलांच्या शेपट्या धुऊन, तेल लावून, फणीनं विंचरलेल्या! एकाला तर लाल रिबीन बांधलेली.

मी हसून हसून ओट्यावरून पडायचा राहिलो. नथ्थुजी मात्र हसले नाहीत. ते गाड्यांच्या रांगेकडे टक लावून पाहत होते. मग हळूच उठले, इकडेतिकडे पाहिलं, आणि एका बैलाची शेपटी उचलून बघायला लागले.

"काय पाहून राह्यले, नथ्थुजी?"

"चूप राह्य, दादाराव. शेपटीत काईतरी नक्की हाय. अन् तुमी सारे मिळून माह्यापासून लपवून राह्यले!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. तुम्हाला वाटलं तर खोटा समजा.

हंगाम सरत आला. होळी तोंडावर. लिनला अजून कोणी हात दिला नव्हता. कॉलेजातून पत्र आलं, की आठवड्याच्या आत सर्टिफिकेटासह हजर व्हा, नाही तर नाव कमी होईल. भागाबाईनं ओट्यावर येऊन आमच्या सगळ्यांचा उद्धार केला. "येवढे मोठमोठाले मानसं तुमी, अन् एका लेकराले घडीभर हात देवाले तुमचं काय झडते? उद्या रिठद गावाहून माह्या भावाची गाडी येऊन राह्यली. ती लिनभाऊच इकन. अन् कोनी हात देल्ला नाई तं कापूस घरी नेऊन गाद्या भरीन मी! सांगून ठेवते!"

त्या रात्री गारपीट झाली आणि गेलेली थंडी परत फिरली. सकाळी बाजारात सगळा चिखल. गाड्या आल्याच नाहीत. आली ती एकच, रिठदची, भागाबाईच्या भावाची. कापूस वरून नीट झाकलेला, कोरडा ठणठणीत, दुधासारखा. मोतीराम तापानं घरी पडलेला, बाकीचे चिखलाला भिऊन घरीच. घेणारे उरले नथ्थुजी एकटे. आणि जिनमधून निरोप आलेला, की आज माल मिळाला नाही तर यंत्र बंद ठेवावं लागेल, मग पुढच्या हंगामात आम्ही दुसरा दलाल पाहू!

नथ्थुजी गाडीभोवती फिरले. कापूस हातात घेतला, सोडला. पुन्हा घेतला. मन होतंय, पण हात देववत नाही! इन्स्पेक्टर खुर्ची टाकून बसले. उस्मान जमादारही येऊन उभा राहिला.

तेवढ्यात लिनभाऊ आला. थंडीमुळे त्यानं पेटीतून त्याच्या मुलखाचा अंगरखा काढून घातला होता. काळा, आत कापूस भरलेला, आणि बाह्या इतक्या लांब की हातच दिसेनात.

नथ्थुजींनी शेवटची चाल केली. "रुमाल घरी राह्यला."

मी माझा रुमाल काढला.

"दुसऱ्याच्या रुमालाखाली मी हात घालत नाई!"

लिनभाऊ म्हणाला, "रुमाल नको. आमच्याकडे खेचरांच्या बाजारात रुमाल नसतो. माझे आजोबा तेथे दलाल होते." आणि त्यानं आपली लांब बाही नथ्थुजींच्या पुढे केली.

नथ्थुजींनी आधी बाहीत डोकावून पाहिलं. मग इन्स्पेक्टरकडे पाहिलं. मग कापसाकडे. आणि विहिरीत उतरावं तसा हात आत घातला.

नथ्थुजींच्या भुवया वर गेल्या.

"किडका, कवडी कापूस हाय!" ते ओरडले. "पाला हाय! गारपिटीनं भिजला हाय!"

आणि इतके दिवस कुशल विचारणारा आमचा लिनभाऊ बाजार दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "डोये फुटले का बापा तुमचे? असा पांढराफेक कापूस कोन्या जलमात पाह्यला व्हता का?"

भागाबाईनं पदर तोंडाशी धरला. इन्स्पेक्टर खुर्चीतून अर्धे उठले. नथ्थुजींचं तोंड उघडं ते उघडंच. पण बाहीत बोटं चालू होती. बाही कधी इकडे ताणायची, कधी तिकडे. नथ्थुजी लाल झाले, मग पांढरे झाले. एकदा हात बाहेर ओढायला गेले. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखे थांबले. आणि मग, मी शपथेवर सांगतो, नथ्थुजी हसले! बाजारात कोणी त्यांचा दात पाहिला नव्हता, त्या दिवशी सगळे दिसले.

हात बाहेर आला. "झाला सौदा."

इन्स्पेक्टरनी दोघांना वेगवेगळं बोलावून कानात भाव विचारला. दोघांनीही सांगितला तो एकच. बोटं तर त्याला आमच्यातल्या कोणी शिकवली नव्हती! आणि नथ्थुजींनी हंगामभरात कोणालाच दिला नव्हता, इतका चढा! इन्स्पेक्टरनी सही केली. लिनभाऊनं सर्टिफिकेट दोन्ही हातांनी घेतलं. ते पेटीत ठेवायचंही त्याला भान राहिलं नाही. तसाच चिखलात उभा. भागाबाई डोळे पुसत म्हणाली, "चाल, आता घरी चाल, लेका. गरम पानी देते तुले."

ते दोघं फाटकाबाहेर गेले. नथ्थुजी मात्र जागचे हलले नाहीत. स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघत होते. मग त्यांनी उस्मान जमादाराला जवळ बोलावलं.

"जमादार, नीट चौकशी करा. हा चिनी नाई, अन् जपानीबी नाई. सारी उमर मी रुमालाखाली हात देऊन राह्यलो. तिसरं बोट आधी सोडून मंग आंगठा दाबाची ही लकब साऱ्या जगात फकत तिकडच्या कारंजा बाजाराच्या दलालांची हाय. हा कारंज्याचा हाय! भेस बदलून आपला बाजार पाहाले आला होता!"

लिनभाऊ दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं कॉलेजात परत गेला. आणि जमादार, हुकमाचा माणूस, लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून कारंज्याला गेला, तिथला एखादा दलाल कमी आहे का ते पाहायला! आम्ही ओट्यावर पोट धरधरून हसलो.

जमादार परत आला तेव्हा आम्ही अजून हसतच होतो. तो ओट्यावर टेकला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मंग? सापडला का हरवलेला दलाल?" मी विचारलं.

"एक कमी हाय," तो म्हणाला.

"काय म्हनता!"

"कामरगावचा मानूस. कारंज्याच्या बाजारात बसत होता. दोन-तीन वर्सांखाली निंघून गेला, तो परत आलाच नाई. घरी जाऊन बायकोले इचारलं मी. तिले जाताना येवढंच बोलला म्हने, का 'मी कॉलेजात जाऊन राह्यलो!'"